छपराचा ‘एफ’ का जात नाही?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवत होते. सहामाहीचे पेपर तपासून त्या दिवशी वर्गात वाटले होते. ‘अनेकवचने लिहा’ हा पाच गुणांचा प्रश्न होता आणि नमुन्यादाखल ‘वुल्फ’चे ‘वुल्व्ज’ प्रश्नपत्रिकेतच दिलेले होते. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीला त्या प्रश्नात शून्य गुण मिळाले होते. तिने ‘लेडी’पुढे नुसता ‘एस’ जोडला होता. ‘रूफ’चे ‘रूव्ज’ केले होते. ‘शीप’चे ‘शीप्स’, ‘चाइल्ड’चे ‘चाइल्ड्स’ आणि ‘पोटॅटो’ला ‘ईएस’ऐवजी एकटा ‘एस’. पाचही ठिकाणी माझी लाल फुली होती.

पेपर हातात घेऊन ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, “बाई, लांडग्याचा ‘एफ’ जातो, मग छपराचा का नाही जात?”

वर्ग हसला. मीही हसले असेन. “अपवाद आहे तो. पाठ कर,” एवढे सांगून मी पुढचा पेपर उचलला. ती जागेवर जाऊन बसली आणि त्यानंतर तिने मला कधीच काही विचारले नाही. दहावीला बाकीचे विषय तिने काढले, इंग्रजीत मात्र पस्तीस पडले नाहीत. ती पुन्हा परीक्षेला बसली नाही, एवढेच पुढे कळले.

त्या एका प्रश्नापायी ती नापास झाली, असे मी म्हणणार नाही. पण तिचा प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते, हे स्वतःशी मान्य करायला मला निवृत्तीपर्यंतचा काळ लागला. निवृत्तीनंतर इंग्रजी भाषेच्या इतिहासावरचे ग्रंथ मिळतील तसे वाचत गेले. त्यातून जे हाती लागले ते थोडक्यात असे : ‘नियम’ आणि ‘अपवाद’ म्हणून आपण मुलांना जे शिकवतो, त्यातले अनेक अपवाद नियमापेक्षा वयाने मोठे आहेत. आणि ज्या चुकांवर मी फुल्या मारल्या, तशाच चुका शतकानुशतके करत इंग्रजांनी आजचा नियम घडवला आहे. त्या पाच शब्दांच्याच आधाराने ही हकिकत सांगते.

मेंढ्या आणि मुले

पाचव्या शतकापासून अँगल, सॅक्सन, ज्यूट या टोळ्या आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यांवरून ब्रिटनमध्ये येऊन वसल्या. त्यांच्या बोलींतून जी भाषा घडली तिला आपण जुनी इंग्रजी म्हणतो. मराठी माणसाला या भाषेची घडण आजच्या इंग्रजीपेक्षा अधिक ओळखीची वाटेल. तिच्यात मराठीसारखी तीन लिंगे होती, विभक्तीचे प्रत्यय होते आणि अनेकवचन करण्याची एकच एक रीत नव्हती. आपण ‘घोडा’चे ‘घोडे’ करतो, ‘भिंत’चे ‘भिंती’, ‘वीट’चे ‘विटा’, ‘नदी’चे ‘नद्या’. आणि ‘दगड’ला हातही लावत नाही. कोणत्या नामाचे काय होणार हे त्याच्या लिंगावर आणि अंत्य स्वरावर ठरते. जुन्या इंग्रजीतही असेच गट होते.

एका मोठ्या पुल्लिंगी गटाला ‘आस’ लागे. दगडाला ‘स्तान’ म्हणत, अनेक दगड म्हणजे ‘स्तानास’. आजचा ‘एस’ हा या प्रत्ययाचा वंशज. दुसऱ्या गटात ‘न’ येई. ‘ऑक्स’चे ‘ऑक्सन’ हे त्या गटाचे आज उरलेले रूप. हा ‘न’ कोठून आला हे संस्कृत शिकलेल्यांना चटकन उमगेल. ‘ऑक्स’ हा आपल्या ‘उक्षन्’ या शब्दाचा सगोत्र आहे. दोहोंचा अर्थ बैल. ‘राजन्’चे ‘राजानः’ होते तसे ‘उक्षन्’चे ‘उक्षाणः’ होते. एकवचनात लपलेला मूळचा नकार अनेकवचनात दिसू लागतो. ‘ऑक्सन’मधला नकार तोच. विक्षिप्त वाटणारा हा अपवाद असा आपल्या घरचा निघतो.

तिसऱ्या गटात प्रत्यय दिसतच नाही, आतला स्वर बदलतो : ‘फूट-फीट’, ‘माउस-माइस’, ‘मॅन-मेन’. याचे कारण लेखनाच्याही आधीच्या काळात आहे. या शब्दांच्या अनेकवचनी प्रत्ययात एके काळी ‘इ’ होता. पुढे येणाऱ्या ‘इ’साठी जीभ आधीच पुढे सरकू लागली आणि त्या ओढीने मधला स्वर बदलला. नंतर प्रत्यय झिजून गेला, बदललेला स्वर राहिला. पाहुणा निघून जावा आणि त्याच्यासाठी हलवलेली खाट तिथेच राहावी, तसे हे झाले.

चौथा गट नपुंसकलिंगी शब्दांचा. त्यातल्या अनेकांना अनेकवचनात काहीच लागत नसे. ‘शीप’ आणि ‘डीअर’ या गटातले. ‘हाउस’सुद्धा याच गटातला होता, एक घर आणि अनेक घरे यांना एकच रूप. म्हणजे आपले ‘दगड-दगड’ जसे, तसे त्यांचे ‘शीप-शीप’. ‘हाउस’ने पुढे ‘एस’ घेतला, मेंढीने घेतला नाही. माझ्या विद्यार्थिनीने मेंढीच्या बाबतीत जे केले ते घराच्या बाबतीत साऱ्या इंग्लंडने केले होते. इंग्लंडची ती रीत ठरली, तिची मात्र चूक.

राहिला ‘चाइल्ड’. मोजक्या काही नपुंसकलिंगी शब्दांना ‘रू’ लागत असे, त्यांपैकी हा एक. ‘चिल्ड’चे ‘चिल्ड्रू’, ते झिजून ‘चिल्ड्रे’. हे अनेकवचन पूर्ण होते. पण दक्षिण इंग्लंडमध्ये तेव्हा ‘एन’चा जोर होता. लोकांना ‘चिल्ड्रे’मधले अनेकवचन पुरेसे वाटेना, म्हणून त्यांनी त्यावर आणखी ‘एन’ चढवला. ‘चिल्ड्रन’ हे असे दुहेरी अनेकवचन आहे; एका प्रत्ययावर दुसरा. उत्तरेकडच्या बोलींत ‘चिल्डर’ हे इकहेरी रूप पुढेही टिकून राहिले. ‘चाइल्ड्स’ लिहिणाऱ्या मुलीने एकच प्रत्यय लावला होता. हिशेबाने पाहिले तर तिचे रूप अधिक काटकसरीचे होते.

अंड्यांची गोष्ट

इतक्या गटांतून एकटा ‘एस’ जिंकला कसा? या प्रश्नाला एकच उत्तर नाही, पण काही गोष्टी स्पष्ट आहेत.

७९३ साली लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांचा हल्ला झाला. पुढच्या शतकात ते लुटून परत जाण्याऐवजी उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये वस्ती करून राहिले. त्यांची नॉर्स आणि तिथल्या लोकांची इंग्रजी या चुलत भाषा होत्या. शब्दांचे धातू एकमेकांना कळत, प्रत्यय मात्र वेगळे. बाजारात, शेताच्या बांधावर, लग्नसंबंधांत अशा दोन भाषा रोज समोरासमोर आल्या की माणसे धातू धरून ठेवतात आणि प्रत्ययांना ढील देतात, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यात इंग्रजीत आघात शब्दाच्या सुरुवातीला असतो, त्यामुळे शेवटचे स्वर आधीच पुसट होत चालले होते. ‘आ’, ‘उ’, ‘ए’ हे सारे शेवटी एका अस्पष्ट ‘अ’मध्ये विरले. स्वरावर उभी असलेली अनेकवचने अशी ढासळली. ‘आस’मधला ‘स’ हे ठणठणीत व्यंजन होते, ते कानाला लागत राहिले. उत्तरेत ‘एस’ आधी पसरला, दक्षिणेत ‘एन’ बराच काळ तग धरून होता. १०६६ मध्ये नॉर्मन आले, त्यांच्या फ्रेंचमध्येही अनेकवचनाला ‘एस’ होता. त्याने ‘एस’चे पारडे जड होण्यास मदतच झाली.

मग एकेक शब्द जुने घर सोडू लागला. डोळ्यांना ‘आयन’ म्हणत, त्याचे ‘आइज’ झाले. जोड्यांना ‘शून’ म्हणत, त्याचे ‘शूज’ झाले. पुस्तकाला ‘बोक’ म्हणत आणि अनेक पुस्तकांना ‘बेच’. म्हणजे हा शब्द ‘फूट-फीट’च्या गटातला होता. तो नियमात आला नसता तर आज आपण वाचनालयात ‘बीच’ मागितले असते. बकरी, अक्रोड यांचे शब्दही याच गटातले होते आणि तेही ‘एस’कडे गेले. यातला प्रत्येक बदल सुरुवातीला चूकच असणार. कोणा आजीने आपल्या नातवाच्या तोंडून पहिल्यांदा ‘बुक्स’सारखे रूप ऐकले असेल, तेव्हा तिने ते सुधारलेही असेल.

या ओढाताणीचा एक सुंदर पुरावा विल्यम कॅक्स्टनने मागे ठेवला आहे. कॅक्स्टन हा इंग्लंडमधला पहिला मुद्रक. केंट परगण्यात जन्मलेला, तीसेक वर्षे नेदरलँड्सच्या बाजूला व्यापारात घालवलेला. १४७६ साली त्याने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. १४९० मध्ये ‘एनेडोस’ या फ्रेंच ग्रंथाचा अनुवाद छापताना त्याने प्रस्तावनेत एक प्रसंग सांगितला आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून झीलंडला निघाले होते. वारा पडला म्हणून ते किनाऱ्याला लागले आणि खाण्याचे काही मिळते का ते पाहू लागले. त्यांच्यातल्या एकाने एका घरच्या बाईकडे अंडी मागितली, ‘एग्ज’ या शब्दाने. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. शेवटी दुसऱ्या कोणी ‘आयरेन’ असा शब्द वापरला, तेव्हा बाईला उमगले.

यातला ‘एग’ हा व्हायकिंगांच्या नॉर्समधून आलेला शब्द आणि त्याला नवा ‘एस’. ‘आयरेन’ हा अस्सल जुन्या इंग्रजीचा वंशज, आणि त्याचे अनेकवचन ‘चिल्ड्रन’सारखेच दुहेरी : आधी ‘र’, त्यावर ‘एन’. एकाच देशातली दोन माणसे, एकाच वस्तूचे अनेकवचन, आणि एकीला दुसऱ्याचे बोलणे परकी भाषा वाटले. कोणते रूप छापावे, असा कॅक्स्टनचा पेच होता. छापखान्यामुळे असे पेच हळूहळू सुटत गेले, म्हणजे एक रूप छापले गेले आणि दुसरे मेले. आज अंड्यांना ‘आयरेन’ कोणी म्हणत नाही. ‘चिल्ड्रन’ मात्र त्याच घडणीवर जगतो आहे.

लांडगा आणि छप्पर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते.

‘फ’ आणि ‘व’ हे इंग्रजी ध्वनी तोंडात एकाच जागी होतात. खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो. फरक घोषाचा. ‘एफ’चा ध्वनी अघोष, ‘व्ही’चा घोष. जुन्या इंग्रजीत ‘एफ’च्या दोन्ही बाजूंना घोष ध्वनी आले की तोही घोष होई. ‘वुल्फ’ला ‘आस’ लागला की ‘एफ’ एका बाजूने ‘ल’ आणि दुसऱ्या बाजूने स्वर यांच्यामध्ये सापडे आणि त्याचा उच्चार ‘व’सारखा होई. आपल्याला हे नवे नाही. ‘वाक्’ आणि ‘ईश’ मिळून ‘वागीश’ होते, ‘जगत्’ आणि ‘ईश’ मिळून ‘जगदीश’ होते. शेजारचा घोष स्वर अघोषाला आपल्यासारखा करून घेतो. तशीच ही लांडग्याची संधी.

लिहिताना मात्र दोन्ही उच्चारांना ‘एफ’च वापरत. नॉर्मन काळातल्या लेखनिकांनी फ्रेंच वळणाने घोष ध्वनी वेगळा लिहायला सुरुवात केली आणि कालांतराने तिथे ‘व्ही’ हे अक्षर स्थिरावले. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सुमारास प्रत्ययातल्या स्वराचा उच्चार बंद पडला. ‘वुल्वेस’चे ‘वुल्व्ज’ झाले. ज्या स्वरामुळे ‘एफ’ बदलला होता तो गेला, बदल मात्र कागदावर आणि जिभेवर राहिला.

याची एक गंमत आहे. हा बदल फक्त ‘एफ’पुरता नव्हता. ‘हाउस’ म्हणताना शेवटी ‘स’ येतो, पण ‘हाउझिझ’ म्हणताना तोच ‘झ’ होतो. ‘पाथ’ आणि ‘माउथ’ यांचेही अनेकवचनात असेच होते. तिन्हींची जातकुळी एकच. पण ‘स-झ’ आणि ‘थ-द’ हे भेद इंग्रजी लेखनाने दाखवले नाहीत, ‘फ-व’चा भेद तेवढा दाखवला. म्हणून पाठांतराच्या यादीत ‘लोफ’, ‘नाइफ’, ‘लीफ’ येतात आणि ‘हाउस’ येत नाही. आपण नियम समजून जे घोकतो तो नियम उच्चाराचा, आणि त्याची नोंद अर्धीच.

प्रत्ययातला तो लुप्त झालेला स्वर एका ठिकाणी मात्र टिकला. शब्दाच्या शेवटी ‘स’, ‘झ’, ‘श’, ‘च’ यांच्यासारखा ध्वनी असेल तर त्याला लगेच दुसरा ‘स’ जोडणे जिभेला जमत नाही. म्हणून ‘बॉक्सेस’, ‘चर्चेस’, ‘डिशेस’. इथे ‘ई’ नव्याने घालावा लागतो असे आपण शिकवतो. खरे तर तो पूर्वी सगळीकडे होता, इतर ठिकाणी गळाला आणि इथे राहिला. ‘बस’चे ‘बसेस’ आपण मराठीतही तसेच उचलले. ‘ऑम्निबस’ हा लॅटिन शब्द, अर्थ ‘सर्वांसाठी’. १८२९ साली लंडनमध्ये ऑम्निबस धावू लागली. लोकांनी पुढचा भाग टाकून शेपूट तेवढे ठेवले. ते शेपूट, ‘बस’, म्हणजे लॅटिन चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. आपल्या ‘देवेभ्यः’मधल्या ‘भ्यः’चा भाऊबंद. ‘बसेस’ म्हणजे अनेकवचनाच्या प्रत्ययाचे अनेकवचन.

मग छपराचे काय? ‘रूफ’ हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, आणि त्याचाही ‘एफ’ जात असे. पण बोलताना माणसाच्या मनात एकवचन अधिक घट्ट असते. त्याच्या ओढीने काही शब्दांनी अनेकवचनातही ‘एफ’ परत आणला. ‘रूफ’ त्यातला. ‘हूफ’, ‘स्कार्फ’, ‘व्हार्फ’ यांची दोन्ही रूपे आजही चालतात. ‘रूव्ज’ही अगदी नाहीसे झालेले नाही. ‘चीफ’ आणि ‘गल्फ’ हे फ्रेंचमधून आलेले शब्द, ते आपला ‘एफ’ घेऊनच आले आणि तो त्यांनी सोडला नाही. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीला द्यायचे उत्तर असे होते : छपराचाही ‘एफ’ जात होता, बाळ. नंतर तो परत आला.

हीच चूक एका थोर विद्वानाच्या हातूनही झाली. जे. आर. आर. टोल्कीन हे ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक. १९३७ साली आलेल्या ‘द हॉबिट’मध्ये त्यांनी ‘ड्वार्फ’चे अनेकवचन प्रचलित ‘ड्वार्फ्स’ न करता ‘ड्वार्व्ज’ केले. हे आपले खासगी अशुद्ध व्याकरण आहे, अशा अर्थाची कबुली त्यांनी प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात दिली, पण रूप सोडले नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापताना जुळाऱ्यांनी ते ‘सुधारले’, आणि टोल्कीन यांना ते पुन्हा आपल्यासारखे करून घ्यावे लागले. आज इंग्रजी कोश दोन्ही रूपे देतात. प्राध्यापकाची चूक कोशात गेली. माझ्या वर्गातली फुलीखाली राहिली.

‘वाय’ गेला की आला?

‘लेडी’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘पाव मळणारी’ असा आहे. त्यातला पूर्वार्ध म्हणजे आजचा ‘लोफ’. पण इथे आपल्याला तिच्या शेवटाशी कर्तव्य आहे. ‘वाय काढून आय-ई-एस लावा,’ असे मी आयुष्यभर शिकवले. वाक्य सोपे आहे, इतिहास मात्र उलटा आहे.

मध्ययुगीन हस्तलिखितांत ‘आय’, ‘एम’, ‘एन’, ‘यू’ ही अक्षरे सारख्याच आखूड उभ्या दांड्यांनी काढत. दांड्यांच्या गर्दीत एकटा ‘आय’ हरवून जाई. म्हणून लेखनिक त्याच्या जागी शेपटीचा ‘वाय’ वापरू लागले. कित्येक शतके दोन्ही अक्षरे एकमेकांच्या जागी येत राहिली. ‘लेडी’च्या शेवटी कोणी ‘आय-ई’ लिही, कोणी ‘वाय’.

शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह १६२३ साली निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर ‘कॉमेडीज’, ‘हिस्टरीज’, ‘ट्रॅजेडीज’ हे शब्द आजच्यासारखेच ‘आय-ई-एस’ने छापलेले आहेत. आत मात्र ‘हॅम्लेट’ आणि ‘मॅक्बेथ’ यांच्या शीर्षकांत एकवचनी ‘ट्रॅजेडी’च्या शेवटी ‘आय-ई’ आहे. त्या छपाईत अनेकवचनासाठी काहीच बदलावे लागले नव्हते. नुसता ‘एस’ जोडला होता, अगदी माझ्या विद्यार्थिनीने केले तसा. पुढे शब्दाच्या शेवटी ‘वाय’ आणि शब्दाच्या आत ‘आय’ अशी रीत स्थिरावली. एकवचनाचे लेखन बदलले, अनेकवचन जुन्या जागी राहिले. म्हणजे अनेकवचनात ‘वाय’ जातो असे म्हणण्यापेक्षा एकवचनात तो आला, असे म्हणणे खरे. ‘डे’, ‘की’ अशा शब्दांत ‘वाय’ हा आधीच्या स्वराशी जोडीने राहतो, म्हणून तिथे तो टिकला. तेही सरसकट नव्हे. सोळाव्या-सतराव्या शतकांत ‘डेज’सुद्धा ‘आय-ई-एस’ने लिहिलेले आढळते.

शब्दातल्या जागेवर अक्षर ठरणे मराठी वाचकाला परके नाही. ‘वीट’मधला दीर्घ ‘ई’ ‘विटा’ लिहिताना ऱ्हस्व होतो, ‘फूल’चे ‘फुले’ होते. प्रत्यय लागला की स्वराची जागा बदलते आणि जागा बदलली की लेखन बदलते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी ‘कवि’, ‘गुरु’ यांचे शेवट दीर्घ केले, तेव्हा ज्यांचे शिक्षण आधी झाले होते त्यांची कालपर्यंत शुद्ध असलेली अक्षरे एका रात्रीत अशुद्ध ठरली. आपल्याकडे हे एका संस्थेने केले. इंग्रजीला अशी संस्था कधीच नव्हती. तिथे हे काम मुद्रकांनी, कोशकारांनी आणि शाळेच्या पुस्तकांनी केले.

त्या पुस्तकांत सर्वांत प्रभावी ठरले लिंडली मरी यांचे व्याकरण. मरी हे अमेरिकेतून येऊन यॉर्कजवळ राहिलेले वकील. मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी लिहिलेले व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढची कित्येक दशके शाळांतून चालले. ‘एफ’ बदलून ‘व्ही-ई-एस’ करावे, ‘वाय’ बदलून ‘आय-ई-एस’ करावे, ही आपल्या ओळखीची मांडणी त्यात आहे. ‘एफ’च्या नियमाला तर त्यांनी ‘बहुधा’ अशी पुस्ती जोडली होती. पुस्तकामागून पुस्तके निघाली, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून गाइडांपर्यंत. तो ‘बहुधा’ वाटेत कुठेतरी गळला आणि शतकांच्या घडामोडी आज्ञा बनून माझ्या फळ्यावर आल्या.

बटाट्याचा ‘ई’

‘पोटॅटो’ला ‘ईएस’ आणि ‘पियानो’ला ‘एस’ का, हा प्रश्नही मला अनेकदा विचारला गेला. अठराव्या शतकापर्यंत अशा शब्दांच्या लेखनात एकवाक्यता नव्हती. पुढे जी विभागणी झाली तिच्यात एक ढोबळ सूत्र दिसते. जे शब्द लवकर आले आणि घरचे झाले, त्यांना ‘ईएस’ मिळाला : ‘पोटॅटो’, ‘टोमॅटो’, ‘हीरो’. जे उशिरा आले किंवा परके वाटत राहिले त्यांना एकटा ‘एस’ : इटालियनमधून आलेला ‘पियानो’, छाटून केलेला ‘फोटो’. कित्येक शब्दांना आजही दोन्ही चालतात.

मराठीनेही न ठरवता असेच केले आहे. बटाटा आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांचा ‘बटाटा’ आपण घेतला आणि त्याला ‘घोडा-घोडे’च्या रांगेत बसवले : ‘बटाटे’. ‘टोमॅटो’ आणि ‘फोटो’ मात्र अजून पाहुणेच आहेत. ‘एक टोमॅटो’, ‘दहा टोमॅटो’. कोणा पंडिताने असा नियम केलेला नाही, पण बाजारात कोणी चुकत नाही.

या ‘ई’ने एका मोठ्या माणसाला जगभर हास्यास्पद केले. १५ जून १९९२ रोजी अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथल्या शाळेत गेले होते. एका मुलाने फळ्यावर ‘पोटॅटो’ बरोबर लिहिले होते. क्वेल यांनी त्याला शेवटी ‘ई’ जोडायला लावला. त्यांच्या हातातल्या कार्डावरही तसेच लिहिलेले होते. अनेकवचनात ‘ई’ दिसतो, तर तो एकवचनातही असेल, ही त्यामागची ओढ समजण्यासारखी आहे. तीच ओढ इतरत्र रूढ झाली आहे. ‘पीज’ हे मटाराचे मूळ एकवचन होते. लोकांना शेवटचा ‘झ’ अनेकवचनाचा वाटला, म्हणून त्यांनी तो काढून ‘पी’ असे नवे एकवचन तयार केले. ती चूक आज शुद्ध आहे. क्वेल यांची पचली नाही, एवढाच फरक.

पुन्हा तो पेपर

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला. एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवायचे आणि सांगायचे, हा ‘वग’. मग दोघांचे चित्र दाखवून विचारायचे, हे काय? मुलांनी तो शब्द आयुष्यात ऐकलेला नव्हता, तरी बहुतेकांनी ‘वग्ज’ असे उत्तर दिले. म्हणजे मुले ऐकलेली रूपे नुसती साठवत नाहीत, त्यांतून नियम काढतात. ज्या घरात इंग्रजी बोलले जाते तिथली मुलेही ‘फूट्स’, ‘माउसेस’ म्हणतात, आणि ती त्यांच्या प्रगतीची खूण मानली जाते. माझ्या वर्गातल्या मुलीच्या घरात इंग्रजीचा शब्द नव्हता. पुस्तक आणि मी, एवढेच तिचे साधन. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर तिने पाच शब्दांना लावलेले तर्क मी आज पाहते, तेव्हा त्यातला एकही आंधळा नव्हता हे दिसते. ‘रूव्ज’ तर तिने नमुन्यावरूनच काढले होते.

तरीही ते पाच गुण मी तिला आज देईन का? नाही देणार. ज्या लेखनावर पुढची परीक्षा, नोकरीचा अर्ज आणि लोकांचे मत ठरते, ते तिला यायलाच हवे. इतिहास कळला म्हणून प्रचलित रूप शिकवण्याची जबाबदारी टळत नाही. पण चूक दाखवणे वेगळे आणि ‘तुझ्या डोक्यात काही नाही’ असे सुचवणे वेगळे. फुली मारताना मी दुसरी गोष्टही करत होते, हे मला तेव्हा कळले नाही.

आता संध्याकाळी शेजारची दोन-तीन मुले अभ्यासाला येतात. परवा एकाने ‘गूस’चे ‘गूसेस’ लिहिले. त्याला आधी विचारले, “कसे काढलेस?” त्याने ‘हाउस’चे नाव घेतले. मग त्याला घराची आणि हंसाची हकिकत सांगितली, आणि मग ‘गीस’ लिहून घेतले. पंधरा मिनिटे गेली. शाळेत साठ मुलांच्या वर्गात पंधरा मिनिटे नसतात, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी टेबलापाशी उभ्या राहिलेल्या मुलीला “मला ठाऊक नाही, शोधून सांगते,” एवढे म्हणायला अर्धे मिनिटही लागले नसते.